युद्धातल्या प्रेमपत्रांचा गठ्ठा हाती आला तर: आधी काय करायचं, मग काय, आणि काय अजिबात नाही

जुनं सामान आवरताना असा गठ्ठा निघतो. तो आघाडीवर, ती घरी, लग्न अजून झालेलं नाही, आणि मधल्या दोन-चार वर्षांची पत्रं एका फितीत बांधलेली. यानंतर जे होतं ते बहुतेक ठिकाणी सारखंच होतं. फीत सोडायची, सगळं पसरायचं, तारखेप्रमाणे लावायचं, पाकिटं रिकामी म्हणून टाकायची, फाटलेल्याला सेलोटेप, चुरगळलेल्यावर इस्त्री, चार गोड ओळींचे फोटो फॅमिली ग्रुपवर आणि उरलेलं प्लास्टिकच्या पिशवीत. हे सगळं प्रेमापोटीच होतं, पण यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीने काहीतरी कायमचं जातं.

लोक सारखे त्याच जागी चुकतात म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. मुद्दा एकच आहे, वाचायची घाई करू नका. हा सुट्या पत्रांचा ढीग नाही, दोन माणसांचं बोलणं आहे, ते उशिरा पोचत होतं, मधे तिसरं कुणीतरी ते वाचत होतं, आणि त्यातली एक बाजू बहुतेक वेळा हरवलेली असते. क्रम, पाकीट आणि शिक्के जपले तरच ते बोलणं परत जुळवता येतं.

## टप्पा ०: तयारी

सगळ्यात आधी एक प्रश्न. दोघांपैकी कुणी हयात आहे का? असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एकही पत्र उघडू नका. आजी नव्वदीच्या असल्या, त्यांना नीट ऐकू येत नसलं तरी पत्रं त्यांची आहेत. विचारताना "यात काय आहे?" असं विचारू नका, माणूस गप्प होतो. पाकिटावरचं अक्षर दाखवा, एखादा फोटो दाखवा, हे टोपणनाव कुणाचं, हा मित्र कोण, तुम्ही त्यांना पत्र कुठे बसून लिहायचात असं विचारा. बोलायला लागले की त्यांच्या परवानगीने फोनवर रेकॉर्ड करा. पत्रं नंतरही वाचता येतील, ही माहिती नंतर मिळणार नाही.

मग जागा. मोठं, कोरडं, स्वच्छ टेबल. वर पांढरे कोरे कागद अंथरा. चहा-पाणी दुसऱ्या खोलीत. थेट ऊन नको, खिडकीचा मंद उजेड चालेल. जवळ साधी मऊ शिसपेन्सिल, वही, मऊ ब्रश, भिंग आणि फोन ठेवा. पेन टेबलावर असूच नये, कारण असलं की कधीतरी हातात येतंच. पांढरे सुती हातमोजे नकोत. सिनेमात दिसतात खरे, पण मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका, तेवढं पुरे.

सगळा गठ्ठा एका बैठकीत उरकायचा नाही. थकलेला हात घडी जोरात ओढतो.

## टप्पा १: फीत सोडण्याआधी

गठ्ठा जसा सापडला तसा सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वरून, खालून, कडेने, गाठ जवळून, आणि ज्या डब्यात होता त्या डब्यासकट. डब्यात आणखी काय काय होतं तेही, म्हणजे तारा, वर्तमानपत्राची कात्रणं, वाळलेलं फूल, केसांची बट, बटण, फोटो.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण गठ्ठ्याचा क्रम तिने लावलेला असतो. तारखांच्या ओळीत मधलंच एक पत्र सगळ्यात वर असेल तर ते बहुधा परत परत काढून वाचलेलं आहे. चार पत्रं वेगळ्या दोऱ्यात असतील तर त्यामागे तिचं काहीतरी कारण असणार. तारखेप्रमाणे लावलंत की ही माहिती गेली, ती कुठेच लिहिलेली नसते.

सावधान: तारखेप्रमाणे लावायचं ते कॉम्प्युटरवरच्या यादीत. हातातले मूळ कागद सापडल्या क्रमानेच राहतील.

तपासा: फोटो झूम करून सगळ्यात वरच्या पाकिटावरचा पत्ता वाचता येतोय का? येत नसेल तर परत काढा.

## टप्पा २: नंबर

वरून एकेक उचला आणि नंबर द्या. पाकीट ००१, त्यातलं पहिलं पान ००१-१, दुसरं ००१-२. नंबर शक्यतो पत्रावर नाही, ते ज्या घडीच्या कागदात ठेवाल त्याच्यावर. पत्रावरच लिहावा लागला तर मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने.

ज्या पाकिटातून जे निघालं ते त्याच पाकिटाबरोबर. कधीकधी पत्र भलत्याच पाकिटात असतं, पत्रावरची तारीख शिक्क्याच्या नंतरची निघते. तरी तुम्ही दुरुस्त करू नका, वहीत नोंद करा. ती अदलाबदल तिच्याच हातून झाली असेल तर ती दोन पत्रं तिने एकाच वेळी बाहेर काढली होती हेही कळतं.

## टप्पा ३: उघडणं आणि साफसफाई

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून सावकाश वाचा.

धूळ मऊ ब्रशने, मधून कडेकडे. गंजलेली टाचणी ओढायची नाही, कागदाला आधार देऊन उलट दिशेने हळू सरकवा, आणि चिकटली असेल तर राहू द्या. रबर बँड वितळून चिकटला असेल तर सुटा भाग कापून घ्या, चिकटलेला तसाच ठेवा. बुरशीचा वास किंवा ठिपके दिसले तर ते पत्र लगेच वेगळ्या कागदी पाकिटात टाका, मास्क लावा, आणि बाकीच्यांत मिसळू नका.

घडी हाताने जेवढी सहज उघडते तेवढीच उघडा. मग कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तक, दोन-तीन दिवस. घडीवर करकर आवाज आला की थांबा.

पाणी, वाफ, ओला बोळा, इस्त्री यातलं काहीही नको. दोन्ही महायुद्धांत सैनिक बऱ्याचदा कॉपिंग पेन्सिल वापरायचे. दिसायला साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी, पण तिच्या शिशात अ‍ॅनिलीन रंग असतो आणि ओल लागली की अक्षरं जांभळी होऊन पसरतात. ओळखायची खूण अशी की करड्या अक्षरांमध्ये मधेच एखादा शब्द गडद जांभळा दिसतो, तिथे पेन्सिल जिभेला लावलेली असते किंवा पावसाचा थेंब पडलेला असतो. असं पत्र वाफेवर धरलंत तर एका मिनिटात पानभर जांभळा डाग उरेल. निळ्या-काळ्या शाईचं दुखणं वेगळं, तिच्यात लोह असतं आणि वर्षांनुवर्षं ती कागद खाते. अक्षरांभोवती तपकिरी कड दिसली तर त्या पत्राची घडी पुन्हा कधीच घालू नका.

सेलोटेपचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि निघत नाही. लॅमिनेशन तर कधीच नको, त्यातून पत्र परत बाहेर काढता येत नाही. फाटलेलं पत्र तुकड्यांसकट कागदाच्या घडीत ठेवा, पुढे जोडायचं तर कागद-संवर्धनाचं काम करणारा माणूस जोडेल.

तपासा: हातातला कागद गुळगुळीत, चकचकीत आणि पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून लहान आहे का? अक्षर बारीक छापल्यासारखं दिसतंय का? मग तो कागद नाही, फोटो आहे. ब्रिटिशांनी १९४१ मध्ये एअरग्राफ सुरू केलं आणि अमेरिकेने जून १९४२ मध्ये व्ही-मेल. ठरावीक फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याची मायक्रोफिल्म विमानाने जायची आणि पलीकडे छोटी फोटो-प्रत काढून घरपोच व्हायची. व्ही-मेलची प्रत साधारण सव्वाचार बाय सव्वापाच इंच. फिल्म पोचल्याची खात्री झाली की लिहिलेला मूळ कागद नष्ट करत, त्यामुळे मूळ पत्र कुठे गेलं म्हणून शोधत बसू नका, हीच प्रत मूळ समजा आणि फोटोसारखी फक्त कडेने धरा.

## टप्पा ४: स्कॅन

वाचण्याआधी स्कॅन, कारण वाचताना पान पाच-सहा वेळा उलटलं जातं. स्कॅन एकदा झालं की पुढचं सगळं वाचन स्क्रीनवर.

रंगीत, ६०० डीपीआय, टिफ फाइल. एअरग्राफसारखी लहान प्रत असेल तर १२००. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू, कोरी असली तरी. पाकीट पुढून, मागून आणि झाकणाची आतली बाजू. पातळ एअरमेल कागदामागे काळा कागद ठेवला की पलीकडची अक्षरं मधे येत नाहीत. सेन्सॉरने, म्हणजे लष्करातर्फे पत्रं तपासणाऱ्याने, कात्रीने ओळ कापली असेल तिथेही मागे काळाच कागद ठेवा म्हणजे भोक स्पष्ट दिसतं.

फोनने करणार असाल तर फोन पानाला अगदी समांतर, फ्लॅश बंद, उजेड एका बाजूच्या खिडकीतून. स्कॅनिंग अ‍ॅप वापरू नका, ती पान आपोआप काळं-पांढरं करतात आणि फिकट पेन्सिल, सेन्सॉरच्या खुणा, पाण्याचे डाग सगळं "साफ" होऊन जातं. खोडलेली किंवा पुसट अक्षरं असतील तर खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या पातळीत बाजूने धरा, पेन्सिलीचे दाब दिसतात. सेन्सॉरने फासलेली शाई मात्र खरवडायला किंवा कसल्या औषधाने उडवायला जाऊ नका, खालचा मजकूर वरच्या शाईबरोबरच जातो.

फाइलचं नाव म्हणजे टप्पा दोनचा नंबर. तीन कॉपी ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर.

तपासा: कुठल्याही दहा फाइल उघडा, शंभर टक्के झूम करा. शिक्क्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

## टप्पा ५: तारीख लावणं

सैनिकाच्या पत्रावर पूर्ण तारीख असेलच असं नाही. "रविवार रात्र", "फ्रान्समध्ये कुठेतरी", बस. जागा लिहायला बंदी असायची आणि तारखेचं भान राहायचं नाही. म्हणून यादीत तारखेचे चार रकाने करा: पत्रावर लिहिलेली, पोस्टाच्या शिक्क्याची, सेन्सॉरच्या शिक्क्याची, आणि मिळाल्याची. शेवटची पुष्कळदा तिने स्वतः पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली असते. हे चारही एकाच रकान्यात कोंबले की पुढे गोंधळ होणारच.

वार आणि तारीख असेल पण वर्ष नसेल तर कॅलेंडर मदत करतं. समजा वर लिहिलंय "रविवार, १२ मार्च". दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत १२ मार्चला रविवार फक्त १९४४ मध्ये आला, आणि पहिल्या महायुद्धात फक्त १९१६ मध्ये. झालं, वर्ष सापडलं. मात्र वार चुकीचा लिहिलेला असू शकतो, खंदकात वार कोण मोजतंय, म्हणून मजकुरातला आणखी एक पुरावा जुळला तरच पक्कं धरा.

नेहमीच्या तीन चुका. एक, ५/६/४४ हे ब्रिटिश सैनिकाने लिहिलं तर ५ जून आणि अमेरिकन सैनिकाने लिहिलं तर ६ मे. दोन, जानेवारीतल्या पत्रांवर सवयीने मागचं वर्ष पडतं, त्यामुळे जानेवारीचं प्रत्येक पत्र शिक्क्याशी ताडून बघा. तीन, तिकीट नाही म्हणजे कुणीतरी काढून घेतलं असं समजणं. आघाडीवरून पत्र बऱ्याचदा फुकट जायचं, तिकिटाच्या जागी हाताने "ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस" किंवा अमेरिकन असेल तर नुसतं "फ्री" लिहिलेलं असतं.

शिक्क्यावर गावाचं नाव शोधू नका. फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता नंबर असतो, अमेरिकनांचा एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) नंबर, जर्मनांचा फेल्डपोस्ट नंबर, आणि भारतीय सैन्याच्या पत्त्यातलं "५६ एपीओ" तर आपल्यापैकी कितीतरी जणांनी पाकिटावर पाहिलंय. शत्रूला जागा कळू नये म्हणूनच ही सोय. दोन्ही महायुद्धांतल्या नंबरांच्या याद्या टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी केलेल्या आहेत, कुठल्या महिन्यात कुठला नंबर कुठे होता ते त्यांत शोधता येतं.

पत्रांत मोठा खंड पडला तर लगेच भांडण किंवा जखम समजू नका. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीआधी ब्रिटनमधल्या सैनिकांचं टपाल मुद्दाम रोखून धरलं होतं. फ्रान्समधलं भारतीय पायदळ १९१५ च्या शेवटी मेसोपोटेमियाकडे हलवलं, अशा वेळी पत्रांचा ओघ तुटतोच. खंडाच्या तारखा वहीत मांडा, कारण नंतर शोधा.

## टप्पा ६: पाकीट आणि फॉर्म वाचणं

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि मग पत्राचा अर्थ उलटा लावतात.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात एक छापील फील्ड पोस्टकार्ड होतं. त्यावर "मी अगदी बरा आहे", "मला दवाखान्यात दाखल केलंय", "तुझं पत्र मिळालं" अशा अर्थाची वाक्यं छापलेली असायची, नको ती खोडायची आणि खाली सही-तारीख. त्याशिवाय एक शब्द जरी लिहिला तर कार्ड नष्ट केलं जाईल असं त्याच्यावरच छापलेलं होतं. आता नात "आजोबा किती कोरडे होते" म्हणते. कोरडे नव्हते हो, जास्त लिहायची परवानगीच नव्हती. पुष्कळदा लढाईच्या धामधुमीत एवढंच पाठवता यायचं, त्यामुळे असं कार्ड ज्या दिवशी आलंय त्या तारखेला आघाडीवर काय चाललं होतं ते बघा.

साधं पत्र असेल तर ते त्याच्याच तुकडीतल्या अधिकाऱ्याने उघडून वाचलेलं असायचं. रोज समोर दिसणारा माणूस! त्याच्या डोळ्यांखालून जाणाऱ्या कागदावर मुलगा आपल्या प्रेयसीला किती मोकळेपणाने लिहील? याला वाट होती ती हिरव्या पाकिटाची. आत फक्त खासगी आणि घरगुती मजकूर आहे असं सैनिकाने स्वतःच्या इमानावर सही करून लिहायचं, मग ते युनिटमध्ये उघडत नसत, मागे बेसवर उघडू शकत. ही पाकिटं मोजकीच मिळायची.

म्हणून यादीत "पाकिटाचा प्रकार" हा रकाना हवाच. साध्या पाकिटातली पत्रं आणि हिरव्या पाकिटातली पत्रं वेगळी करून वाचा. एकात "हवा बरी आहे, मोजे मिळाले" आणि दुसऱ्यात चार पानं मन मोकळं केलेलं. पाकिटं फेकून दिलेली असली की नुसत्या पत्रांवरून वाटतं हा माणूस आठवड्याला बदलतोय, कधी प्रेम ओसंडतंय, कधी काहीच नाही. बदलत तो नव्हता, वाचणारा बदलत होता.

पाकिटाच्या झाकणावर मागे इंग्रजी आद्याक्षरं दिसली, जसं एसडब्ल्यूएके, तर तो लष्करी कोड नाही, चुंबनाने बंद केलंय एवढाच त्याचा अर्थ. ओळीच्या शेवटच्या फुल्या-फुल्या म्हणजेही चुंबनंच.

युद्धकैद्याची पत्रं वेगळी. ठरावीक फॉर्म, ठरावीक ओळी, महिन्याला मोजकीच. आणि प्रेयसी शत्रूच्या ताब्यातल्या भागात असेल तर दुसऱ्या महायुद्धात रेडक्रॉसच्या फॉर्मवर २५ शब्दांचा निरोप जायचा, उत्तर त्याच्याच मागच्या बाजूला. ते २५ शब्द वाचताना प्रत्येक शब्द निवडलेला आहे हे लक्षात ठेवून वाचा.

## टप्पा ७: जोड्या लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पत्र आणि त्याचं उत्तर शोधायचंय, आणि सरळ तारखेच्या क्रमाने ते कधीच सापडत नाही.

समजा तीन तारखेला तो चिडून लिहितो, तीन आठवडे तुझी एक ओळ नाही, विसरलीस का. नऊ तारखेला तिची चार पत्रं एकदम येतात. तो त्याच रात्री माफी मागतो. पण त्याचं चिडलेलं पत्र तिला वीस तारखेला मिळतं, ती दुखावून उत्तर लिहिते, आणि माफीचं पत्र तिच्या हाती पडतं सत्तावीसला. आता तिचं दुखावलेलं पत्र त्याच्याकडे पोचेपर्यंत त्याच्या मनातून तो विषय कधीच गेलेला असतो, त्याला कळतच नाही ही का रागावली. तारखेप्रमाणे वाचलंत तर वाटेल त्याने माफी मागितल्यावरही ही भांडत राहिली. तिच्यावर अन्याय होतो हा, तोही तिची बाजू मांडायला ती नसताना.

त्यामुळे दोन उभ्या रेघा काढा. डावीकडे त्याचे दिवस, उजवीकडे तिचे. प्रत्येक पत्र दोनदा मांडायचं, लिहिलं त्या दिवशी एका बाजूला आणि पोचलं त्या दिवशी दुसऱ्या बाजूला, मधे तिरकी रेघ. रेघा एकमेकींना कुठे छेदतात ते बघा, तिथे पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेलेली असतात आणि बहुतेक गैरसमज तिथेच सापडतात. पुष्कळ जोडप्यांना हे कळलेलं असायचं, म्हणून ते पत्रांना स्वतःच नंबर द्यायचे, "माझं १४ नंबरचं मिळालं का". असा नंबर दिसला की तो वेगळ्या रकान्यात घ्या, हरवलेली पत्रं किती तेही त्यावरून कळतं.

### एकच बाजू उरली असेल तर

बहुधा त्याचीच पत्रं उरतात, तिची नाही. ती घरी होती, तिच्याकडे डबा होता. तो पाठीवर सामान घेऊन चिखलात होता, जेवढं खिशात मावेल तेवढंच जवळ. शिवाय पकडला गेला तर पत्रांतून शत्रूला माहिती मिळू नये म्हणून पुढे जाण्याआधी पत्रं जाळून टाकली जायची.

तिची बाजू काही प्रमाणात उभी करता येते. त्याच्या पत्रात "तू लिहिलंस की", "तू विचारलंस", "त्या बातमीने वाईट वाटलं" असं जिथे जिथे आलंय ते सगळं वेगळ्या यादीत घ्या, समोर त्याच्या पत्राचा नंबर. त्याने दिलेल्या उत्तरावरून तिचा प्रश्न कळतो. नोकरी लागली, भाऊ भरती झाला, आईला आमचं पसंत नाही, हे सगळं असंच मिळतं.

सावधान: हा अंदाज आहे, म्हणून वेगळ्या रंगात ठेवा. तिच्या नावाने पत्रं रचू नका, अगदी हौस म्हणून घरच्यांपुरती सुद्धा नाही. वीस वर्षांनी कुणालाच आठवणार नाही की खरी कुठली.

### परत आलेली पत्रं

कधीकधी तिची काही पत्रं गठ्ठ्यात असतात, आणि ती न फोडलेली असतात. पाकिटावर शिक्का किंवा अधिकाऱ्याची एक ओळ, बेपत्ता, किंवा कामी आला, आणि पाठवणाऱ्याला परत. तिने ती तशीच ठेवली.

ही फोडायची का हे एकट्याने ठरवू नका. घरातल्या सगळ्यांना विचारा आणि घाई करू नका, न फोडलेलं पाकीट हेही एक पूर्ण कागदपत्र आहे, त्याचं बाहेरून स्कॅन करून ते तसंच ठेवणं पूर्ण योग्य आहे. फोडायचंच ठरलं तर वाफ नाही, चाकू नाही, कागद-संवर्धकाकडे न्या. आणि बाकी सगळी पत्रं वाचून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. आधी वाचलंत तर उरलेलं प्रत्येक पत्र तुम्ही त्या शेवटाच्या नजरेने वाचाल, आणि त्या दोघांना तर शेवट माहीत नव्हता.

## टप्पा ८: उतरवून काढणं

जसं आहे तसं. शुद्धलेखन सुधारू नका, विरामचिन्हं घालू नका, खोडलेला शब्द वाचता येत असेल तर तो खोडलेला म्हणूनच लिहा. वाचता न आलेला शब्द चौकटी कंसात "अवाच्य", शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. दोन दिवसांनी परत त्या जागी या, तोवर अक्षराची सवय झालेली असते आणि अर्ध्या शंका आपोआप सुटतात.

अक्षर त्याचंच आहे असं गृहीत धरू नका. पहिल्या महायुद्धात कितीतरी भारतीय सैनिकांना लिहिता येत नव्हतं, ते शेजारच्याला सांगून लिहून घ्यायचे आणि घरीही ते कुणीतरी वाचून दाखवायचं. म्हणजे प्रेमाचं एक वाक्य लिहिणाऱ्याच्या, सेन्सॉरच्या आणि वाचून दाखवणाऱ्याच्या कानावर-डोळ्यावर जाऊन मग तिच्यापर्यंत. अशा पत्रात बायकोला थेट हाक नसते, सगळ्यांना नमस्कार असतो आणि मधेच एक ओळ तिच्यासाठी. ती ओळ शोधा. फ्रान्समधल्या सैनिकांच्या पत्रांतले सेन्सॉरने भाषांतर करून घेतलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्या काळी कसं लिहायचे याचा अंदाज त्यावरून येतो.

विचित्र, न जुळणारं वाक्य आलं तर जपून. काही जोडप्यांनी जागा सांगायच्या खुणा आधीच ठरवलेल्या असत, परिच्छेदांची पहिली अक्षरं किंवा पत्त्यातलं नावाचं मधलं अक्षर दर पत्रात बदलणं. पत्त्यावरची नावं एकाखाली एक लिहून बघा. पण प्रत्येक पत्रात कोड शोधत बसू नका, बऱ्याचदा माणूस फक्त दमलेला असतो.

मग अधिकृत नोंदींशी ताळा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि भारतीय तुकड्यांच्या रोजच्या वॉर डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावं फुकट शोधता येतात, भारतीय सैनिकांचीही. त्याची सर्व्हिस फाइल मिळाली नाही तर खचू नका, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या पुष्कळ फाइल १९४० च्या बॉम्बफेकीत जळाल्या, आणि अमेरिकेत सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला १२ जुलै १९७३ ला लागलेल्या आगीत १.६ ते १.८ कोटी फाइल गेल्या. अशा वेळी तुमच्या हातातला गठ्ठा हाच त्याच्या नोकरीचा सगळ्यात भक्कम पुरावा असू शकतो.

तपासा: डायरीत त्या दिवशी जबर गोळाबार आणि पत्रात "सगळं शांत आहे"? यातलं एक खोटं म्हणून खोडू नका. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा, तिला काळजी वाटू नये म्हणून तो काय लपवायचा ते तिथेच दिसतं.

## टप्पा ९: ठेवायचं कसं

अ‍ॅसिड-फ्री फोल्डर, अ‍ॅसिड-फ्री डबा, पत्रं उघडी आणि सपाट. प्लास्टिक वापरायचंच तर पॉलिएस्टरचं, पीव्हीसी नाही, आणि पेन्सिलीचं पत्र प्लास्टिकमध्ये नको. कात्रणं वेगळी, त्यांचं अ‍ॅसिड शेजारच्या पानाला पिवळं करतं. फोटो वेगळे, फूल वेगळ्या घडीत, प्रत्येकावर मूळ पत्राचा नंबर. साधारण १८ ते २० अंश, दमटपणा ३५ ते ५० टक्के, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे वर-खाली नकोत. माळा, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि जमीन टाळा. कसर आणि वाळवीसाठी वर्षातून दोनदा डबा उघडून बघा. फ्रेम करायची तर प्रिंटची करा.

## टप्पा १०: इतरांना दाखवणं, देणं

कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा, बहुतेक देशांत मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षं. त्याची पत्रं तिच्या घरी आहेत, म्हणजे छापायचं असेल तर परवानगी त्याच्या घरच्यांची लागते. आणि पुष्कळदा ही दोन घरं वेगळी असतात, कारण तो परतला नाही, किंवा परतला पण लग्न दुसरीकडे झालं. तिच्या मुलांना या पत्रांबद्दल काहीच माहीत नसेल असंही होतं. आधी फोन करा, मग भेटा, आणि पहिल्याच भेटीत स्कॅन दाखवू नका, आधी त्यांना हवंय का ते विचारा. पत्रात ज्यांच्याबद्दल भलंबुरं लिहिलंय त्या तिसऱ्या माणसांची नावं झाकूनच बाहेर जाऊ द्या.

भावंडांत मूळ पत्रं वाटून घेऊ नका. जोड्या तुटल्या की टप्पा सातचं सगळं काम पाण्यात. मूळ गठ्ठा एका जागी, स्कॅनची पूर्ण कॉपी प्रत्येकाला.

संग्रहालयाला किंवा अभिलेखागाराला द्यायचं असेल तर आधी विचारा, ते सगळं घेतीलच असं नाही. निवडक चार "छान" पत्रं देऊ नका, पाकिटं, कोरे कागद आणि तुमची यादी यासकट सगळा संच द्या. मालकी देताय की फक्त ठेवायला, कुणाला कधीपासून बघता येईल, खासगी पानं किती वर्षं बंद राहतील, न फोडलेल्या पाकिटांचं काय, आणि पुढे त्यांना नको झालं तर आधी तुम्हाला कळवतील का, हे सगळं लेखी घ्या. गठ्ठा त्यांच्या हातात देताना प्रत्येक नंबर यादीशी पडताळून पोच घ्या आणि ती पोच स्कॅनच्या फोल्डरमध्येच ठेवा.